दिवस मावळायच्या आत

पाकीट रिकामं निघालं. आक्कानं ते उलटं धरून झटकलं, आत दोन बोटं घालून चाचपलं, पुन्हा झटकलं. साड्यांच्या घडीखाली जिथं ठेवलं होतं तिथंच पाकीट होतं, निळं, वर विमानाचं चित्र असलेलं. आतलं तिकीट तेवढं नव्हतं. लंडनला येऊन तिला सहा आठवडे झाले होते आणि दर शुक्रवारी अंघोळ झाली की ती ते तिकीट बाहेर काढून बघायची. इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. तीस आणि सहा हे दोन आकडे जागेवर दिसले की बाईचा जीव थाऱ्यावर यायचा. तीस जूनला विमान, मग मुंबई, मग सांगली, मग समडोळी, आणि त्यानंतर दहा दिवसांनी आषाढातली चतुर्दशी. यंदा कैक वर्षांनी समडोळीच्या बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, मुनिमहाराजांचा चातुर्मास बसणार होता. पहिले आठ दिवस महाराजांसाठी आमच्या घरी चौका लागेल, शुद्ध स्वयंपाक होईल, असं आक्का साऱ्या गावासमोर बोलून आली होती. तिनं पाकीट मुठीत धरलं आणि ती जिना उतरून खाली आली. अजितकुमार, तिचा एकुलता एक मुलगा, तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर, आरशासमोर उभा राहून टाय बांधत होता.

“अजित, ह्यातलं तिकीट कुठाय?”

“आक्का, जरा बस बघू.” पोटचा पोरगाही तिला आक्काच म्हणायचा, घरात सगळेच म्हणत.

“बसायला काय झालंय मला? तिकीट कुठाय?”

“मी रद्द केलं ते.” पेशंटला आजाराचं नाव सांगावं अशा आवाजात तो म्हणाला. “हे बघ, तिथं कोण हाय आता तुझं? आप्पा गेले. मळा वाट्यानं नानासो बघतोय. गेल्या साली विहिरीवर घसरून पडलीस, दोन तास कुणाला पत्ता न्हवता. हितं मी हाय, दवापाणी हाय, सगळं हाय. आता हितंच ऱ्हा. संध्याकाळी बोलू निवांत.” आणि तो गेलासुद्धा. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गेला. आक्का तिथंच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. अरे, बैल बाजाराला न्यायचा झाला तर आदल्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, त्याला दोन घास जास्तीचे घालतात. इथं तेवढंही नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकणारी, नवरा अंथरुणावर असताना दोन हंगाम ऊस कारखान्याला घालणारी. आणि तिचं कुठं राहायचं ते टाय बांधता बांधता ठरून गेलं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. संताप आला ते एक बरं झालं. संतापाला पाय असतात. तिनं तपकिरी इरकल नऊवारी चापून-चोपून नेसली, कमरेच्या चंचीत पासपोर्ट, मुलानं दिलेली सुट्टी नाणी आणि पाणी गाळायचं फडकं खोचलं, निळं पाकीट हातात घेतलं. सून फोनवर होती. “आक्का, कुठं निघालात?” फोनवर हात ठेवून तिनं विचारलं. “फिरून येतो. दिस मावळायच्या आत येतो.” सासू बाईमाणूस असून ‘येतो’ म्हणते याचं पुण्याच्या सुनेला एरवी फार हसू यायचं. आज ती हसली नाही, तिला वाटलं कोपऱ्यावरच्या बागेत जात असतील.

विमान कंपनीची कचेरी आक्कानं पाहिली होती. आल्या आल्या पहिल्याच रविवारी अजित तिला जमिनीखालच्या गाडीतून, नकाशातल्या तपकिरी रेघेवरून, शहराच्या मधल्या भागात घेऊन गेला होता. “हा लंडनचा श्रीमंत भाग, आक्का,” असं तो म्हणाला होता, जणू तिथली दोन-चार घरं त्याच्याच नावावर होती. तिथंच एका काचेमागं हातभर विमान टांगलेलं तिनं पाहिलं होतं. ‘ह्याच लोकांच्या विमानानं आलीस तू,’ असं त्यानंच दाखवलं होतं. तेवढ्या खुणेवर बाई निघाली. स्टेशनं मोजून बरोबर चौदाव्याला उतरली, पण जमिनीखालून वर यायला तिथं चार तोंडं, आणि ती आली भलत्याच तोंडातून. काचही नाही, विमानही नाही. समोर रुंद रस्ता, पलीकडं रांगेनं पांढरी घरं, प्रत्येकाला दोन खांब, प्रत्येकाचं दार काळं कुळकुळीत आणि दारावर पितळेची कडी, घासून लख्ख केलेली. आता कुणाला विचारावं म्हणून ती चालत राहिली. एक गल्ली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दार म्हणून एक उघडं नाही. दारात म्हणून एक माणूस नाही. म्हातारी नाही, पोर नाही, दात घासणारा बाप्या नाही. खिडक्यांना पडदे, पडद्यांमागं आणखी पडदे. एवढी संपत्ती आणि राखायला नुसतं पितळ! समडोळीत अशा दहा वाजता कुणी परकी बाई गल्लीतनं गेली असती, तर पहिल्याच दारात मनुबाईनं तिला अडवली असती, कुणाची कोण, कुठनं आलीस, च्या घेतीस का, सगळं काढून घेतलं असतं. भोचकपणाच तो, पण त्या भोचकपणात माणूस हरवत नाही. इथं आक्का हरवली होती आणि ते कुणाच्या गावी नव्हतं.

दारं बघत चालताना तिला ती सकाळ आठवली. आठवायला नको होती. बारा वर्षं झाली असतील. महाराज विहार करत गावात आले होते, एकच दिवस राहणार होते. महाराज आहाराला निघतात तेव्हा मनात काहीतरी विधी धरून निघतात, अमुक दिसलं तरच थांबेन असा; काय धरलंय ते कुणाला सांगत नाहीत. गावातली सगळी घरं धूत वस्त्रं नेसून, हातात कलश-नारळ घेऊन दारात उभी राहतात, आणि गल्लीतून ते उघडे, अनवाणी, हाताची बोटं खांद्याला टेकवून चालू लागले की दारादारातून हाक उठते: स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ. थांबा हो, थांबा. श्रीमंताची सून आणि गरिबाची सून सारख्याच काकुळतीला येतात. आक्का आणि तिचे मालक, सुकुमारआप्पा, पहाटेपासून उभे. आत दुधाची, भाताची, मुगाची तयारी. महाराज आले, तिच्या दारासमोर थांबले, त्यांची नजर तिच्या कलशावरून फिरली; तिच्या अंगावर शहारा आला; आणि ते पुढं निघून गेले. तीन घरं सोडून थांबले. दोष कुणाचाच नव्हता, विधी जुळला नाही एवढंच. आप्पा म्हणाले, “आगं, पुन्यांदा येतील की.” पण त्या दिवशी आक्काला कळलं की दारात उभं राहून हाक मारावी आणि येणाऱ्यानं पाठ फिरवावी, याच्याइतकं काळीज कापणारं काही नाही. पुन्हा महाराज आले नाहीत. आप्पा गेले. आता बारा वर्षांनी, नुसता एक दिवस नाही, चार महिने महाराज गावात राहणार आणि आक्का कुठं? आक्का पितळी कड्या मोजत हिंडतेय. तिला स्वतःचीच चीड आली. ‘चाल की बाई,’ ती मोठ्यानं म्हणाली. शेजारून कुत्रं घेऊन जाणारी एक गोरी बाई दचकून बाजूला झाली.

ऊन मी म्हणत होतं. त्या साली विलायतेत पाऊसच नव्हता. टीव्हीवर रोज दुष्काळ-दुष्काळ चाललं होतं आणि सून भांडी धुताना नळ बारीक सोडायची. आक्का एका चौकात आली. चारी बाजूंनी घरं, मध्ये झाडांची बाग, बागेला लोखंडी कुंपण. गवत पिवळं पडलं होतं, त्याचाच त्यांना दुष्काळ. दुष्काळ म्हणे! आक्काचं माहेर कवठे महांकाळच्या अलीकडं, कोरडवाहू. बहात्तर साली ती माहेरी गेली तेव्हा तिची थोरली भावजय खडी फोडून आलेली, हाताच्या फोडांना हळद लावत बसली होती आणि तरीही नणंदेला बघून उठली, तांब्यात होतं तेवढं पाणी तिच्यापुढं केलं. बागेतली सावली गार दिसत होती. आक्कानं फाटक ढकललं. फाटकाला कुलूप. आत बाकावर एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. त्यानं मान हलवली, खिशातून किल्ली काढून दाखवली आणि पुन्हा खिशात घातली. म्हणजे ज्यांचं घर त्यांची किल्ली, त्यांचीच बाग. तिला ते नीट कळलं. कळलं म्हणूनच तिचं डोकं फिरलं. तिनं गज धरून फाटक खडाखडा हलवलं. “सावलीला कुलूप लावलंय व्हय रं?” ती ओरडली. “सावलीला?” म्हातारा अर्धवट उठला, “सॉरी,” म्हणाला. “सॉरी तुझं तुलाच लखलाभ,” असं म्हणून आक्का फिरली. भांडल्यानं तहान लागली होती, पण भांडल्याचं वाईट मुळीच वाटलं नव्हतं.

आणि मग पुढच्या कोपऱ्यावर तिला दारात माणूस दिसला. उंच, पांढऱ्या मिशांचा, लांब लाल कोट, डोक्यावर उभी टोपी, वाड्यासारख्या थोरल्या घराच्या दारात ताठ उभा. सगळ्या श्रीमंत वस्तीत दारात उभा असलेला हा पहिला माणूस. आक्का बघत राहिली. तिला वाटलं, घरधनी असणार. काहीतरी सणवार असणार, त्याशिवाय एवढा पोशाख कोण करतंय. ती समोर येताच त्यानं मान लववली, “मॅडम,” म्हणाला आणि दार उघडून धरलं. आता दुसऱ्या कुणा बाईनं मान फिरवून वाट धरली असती. पण आक्काला ते जमणार नव्हतं. दारात उभं राहून कुणी बोलावलं आणि आपण पुढं निघून गेलो तर त्याच्या जिवाला काय होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं पायातल्या वहाणा काढल्या, उंबऱ्याच्या कडेला नीट लावून ठेवल्या आणि ती आत गेली. आत गारवा होता. पायाखाली गालिचा, वर काचेची झुंबरं, ठिकठिकाणी माणसं बसून चहा पीत होती. पाव्हणेरावळे पुष्कळ दिसत होते. एका मऊ खुर्चीवर ती बसली. काळ्या कोटातला एक पोऱ्या वाकून काही बोलला. “पाणी दे बाबा,” ती म्हणाली आणि अंगठा तोंडाशी नेला. त्यानं बर्फ घातलेलं पाणी चांदीच्या तबकातून आणलं. तिनं बोटानं दाखवून आणखी एक रिकामा पेला मागून घेतला, बर्फ काढून तबकात ठेवला, चंचीतलं फडकं काढलं, दुहेरी करून रिकाम्या पेल्यावर धरलं आणि पाणी गाळू लागली. आजूबाजूचं बोलणं बंद झालं. एका म्हातारीनं चष्मा लावला. बघा, बघा, आक्का मनात म्हणाली. पाणी कसं प्यावं ते बघा.

तेवढ्यात बारीक मिशीचा एक साहेब आला. त्याचं बोलणं तिला कळलं नाही, पण बोलण्याचा सूर कळला. तिनं निळं पाकीट पुढं केलं. “हितं जायचंय मला. वाट सांग.” साहेबानं पाकीट पाहिलं, तिच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. हसू तसंच राहिलं, पण हात दाराकडं गेला. आक्काला क्षणभर बारा वर्षांपूर्वीसारखंच झालं. छातीत काहीतरी खाली गेलं. मग ते तिथं थांबलं. का खाली जावं? ती काही मागायला आली नव्हती, तिला बोलावलं होतं. “पाणी पिऊन उठतो,” ती म्हणाली. “बोलावलेला पाव्हणा तहानेला गेला तर घराला दोष लागतोय. तुझ्याच भल्याचं सांगतो.” साहेब हात दाराकडं धरून उभा. अख्खा दिवाणखाना थांबलेला. आक्का एकेक घोट घेऊन, अजिबात घाई न करता, पेला रिकामा करेपर्यंत बसली. फडकं पिळून घडी घालून चंचीत ठेवलं. मग उठली. दारात तिच्या वहाणा होत्या आणि वहाणांशेजारी तो लाल कोटवाला उभा होता. त्या कुणी उचलू नयेत म्हणून तो मुद्दाम तिथं सरकला होता. एक मोटार थांबली तसा तो पळत गेला, मोटारीचं दार उघडलं, कुणाची तरी पेटी उचलली, हातात नाणं घेतलं. तेव्हा कुठं आक्काच्या डोक्यात उजेड पडला. धनी कसला, चाकर होता तो! पगारावर उभा होता! तिला स्वतःचंच हसू फुटलं, पदर तोंडाला लावावा लागला. पण पगारी का असेना, उभा होता. बाकीच्या गल्ल्यांत पगारीसुद्धा नव्हतं कुणी. त्यानं पाकिटावरचं नाव वाचलं, बोटानं डावीकडची दुसरी गल्ली दाखवली, आणि तिनं त्याला हात जोडले.

कचेरीत गार काउंटरामागं साडीतली एक मुलगी होती, हिंदी बोलणारी. आक्काचं हिंदी म्हणजे दिराच्या पलटणीतून सुट्टीला आलेलं, मोडकंतोडकं, पण चाललं. मुलीनं फाईल काढली, पानं उलटली. “माताजी, आपने ख़ुद कैंसल करवाया है.” आणि तिनं कागद समोर ठेवला. खाली निळ्या शाईत सही होती: चंदनबाला सुकुमार मगदूम. तिचीच. वळणदार, जपून काढलेली. आप्पांनी लग्नानंतर पाटीवर गिरवून घेतलेली. मागच्या आठवड्यात अजितनं तीन-चार कागद पुढं ठेवले होते. ‘दवाखान्याच्या कार्डाचे हायत, आक्का, कर सही.’ आणि तिनं केली होती. कशाला विचारायचं? पोरगा होता. काउंटरची कड धरून ती उभी राहिली. तिकीट कुणी काढून घेतलं असतं तर भांडता आलं असतं. पण हे तिनं आपल्या हातानं दिलं होतं, वर दोन वेळा विचारलं होतं, ‘सही नीट आली का रं?’ डोळ्यांसमोर कागद हलायला लागला. मुलीनं खुर्ची दिली. “सही मेरी है,” आक्का शेवटी म्हणाली. “मन मेरा नहीं था.” मुलीनं फाईल उचलली. मग उठून आत गेली, पुष्कळ वेळानं बाहेर आली. तिकीट अजून वर पाठवलेलं नव्हतं, फाईललाच टाचलेलं होतं. पण तीसची जागा दुसऱ्याला गेली होती. जुलैच्या मध्यापर्यंत विमानं भरलेली. एक जागा होती, आजच कुणीतरी सोडलेली. उद्या सकाळची. “कल, माताजी. इतनी जल्दी कैसे जाएँगी?” आक्कानं पेन मागितलं. “कागज पे क्या लिखा है, पहले वो बोल,” ती म्हणाली. मुलीनं ओळ न् ओळ हिंदीत सांगितली, दोन ओळी तर आक्कानं पुन्हा सांगायला लावल्या. मग तिनं सही केली.

बाहेर आली तेव्हा ऊन तसंच होतं. आता घाई नव्हती. तिकीट चंचीत, पासपोर्टाला लागून. ती मुद्दाम पुन्हा त्या पांढऱ्या घरांच्या गल्ल्यांत शिरली, आता हरवायला नव्हे. मन मानेल तशी हिंडली, काचेमागं एकुलता एक बूट मांडलेलं दुकान पाहिलं, पाय दुखले तेव्हा एका काळ्या दाराच्या पायरीवर खुशाल बसली आणि डोळे मिटून एकशेआठ वेळा णमोकार म्हटला. मागं पडदा हलला, दार उघडलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. अजितचा राग मात्र पायरीवर बसल्यावर थोडा निवळला आणि त्याच्या खाली काय आहे ते दिसायला लागलं. पोरगा वाईट नव्हता. लहानपणी तापात तो तिचा पदर मुठीत धरून झोपायचा, सोडवू गेलं की जागा व्हायचा. तशीच मूठ ही. पण आता पदरात बाई आहे, नुसता पदर नाही. परतताना ती चुकून उलट्या बाजूच्या गाडीत बसली, पार शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली, आणि पुन्हा सगळी स्टेशनं मोजत आली.

घराच्या कोपऱ्यावर ती वळली तेव्हा समोरच्या कौलांवर बोटभर ऊन होतं. नऊ वाजून गेले होते, तिथला उन्हाळ्यातला दिवस तेवढा लांब. अजित रस्त्यावरच होता, टाय सुटलेला, शर्ट घामानं भिजलेला. “आक्का! कुठं हुतीस? पोलिसांत कळवलंय मी! बारा तास झाले!”

“दिस मावळायच्या आत येतो म्हणालो हुतो. मावळलाय का? बघ की.” ती त्याच्या बाजूनं आत गेली. “पोरी, वाढ मला पटकन. दिस चाललाय, मग जेवता यायचं न्हाई.” सून पाणावल्या डोळ्यांनी ताट घेऊन आली. अजित उभा राहून बोलत होता, दवाखान्यातून कसा धावत आलो, कुठं कुठं शोधलं. आणि आक्का पोळी मोडून शांतपणे जेवत होती. हात धुऊन तिनं तिकीट टेबलावर ठेवलं. त्यानं उचललं, तारीख वाचली, आणि खाली बसला.

“उद्या?”

“उद्या. कागद वाचून घेऊन सही केलीया ह्या टायमाला.”

त्याचे कान लाल झाले. तिकीट टेबलावर ठेवून तो म्हणाला, “आप्पा गेल्याची तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली, आक्का. तवा सगळं उरकलं हुतं. मी हितं नाइट ड्यूटी करत हुतो. दुसरी तार नको मला. एवढंच माझं म्हणणं हाय.”

हे त्यानं दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. आक्काचा जीव गलबलला. विरघळून ‘ऱ्हातो बाबा’ असं म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“यायची तवा येईल तार,” ती म्हणाली. “रडशील, मग उठशील. पण जित्या बाईला तारेच्या भ्यानं कोंडू नगंस, अजित. मला तिथं लय काम हाय.”

“मी न्हाई सोडणार तुला विमानतळावर,” तो लहान पोरासारखा म्हणाला.

“नगं सोडूस. वाट काढता येती मला आता.”

मग मात्र तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला, मोठ्यानं, डॉक्टर असूनसुद्धा. आक्का त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, भिजलेल्या शर्टावरून, मानेवरून, विरळ झालेल्या केसांवरून. मन मात्र बदललं नाही. बाहेर अंधार पडला होता.

“किती वाजता निघायचं?” डोकं वर न करता त्यानं विचारलं.

“साडेसहाला,” ती म्हणाली.